कपाट आवरा, कागद सांभाळा

यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कपाट एकच आणि कपडे चौघांचे. पावसाळ्यापूर्वी ते एकदा पूर्ण रिकामे करा. सुती लुगड्यांची गोधडी शिवता येते. नायलॉनच्या साड्या मोह न धरता देऊन टाका. पण तळातली कागदांची पिशवी रद्दीवाल्याला देऊ नका!

जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल त्या पिशवीतच सापडते. त्यावरची जुनी जात वाचून मन दुखते, तरी कागद फाडू नका. आम्ही तर म्हणतो, साड्यांआधी हाच कप्पा लावा. फाईल वरच्या कोरड्या कप्प्यात ठेवा आणि मुलामुलींना जागा दाखवा. प्रवेशाच्या घाईत आई कामावर असते.