एक्स्प्लेनर : उन्हाळ्यात स्लॅब टाकताय? १४ दिवसांचं पाणी का चुकवू नये?

बोरी अरब (जि. यवतमाळ) : मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार जातो. अशा उन्हात ताज्या स्लॅबमधलं पाणी भराभर उडतं. चार दिवस पाणी मारून पुढचं काम उरकण्याची घाई इथेच नडते.

पाणी कशासाठी?
सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. पाणी आटलं की क्रिया मंदावते, स्लॅब कच्चा राहतो.

किती दिवस?
आयएस ४५६:२००० नुसार ओपीसी सिमेंटला किमान ७, पीपीसीला १० दिवस. उष्ण, कोरड्या हवेत अनुक्रमे १० आणि १४ दिवस.

ठोकळ्याची चाचणी पुरेशी?
नाही. १५० मिमीचे ठोकळे पाण्यात ठेवून २८ दिवसांनी तपासतात. त्यातून मिश्रणाची ताकद कळते. तुमच्या स्लॅबला पाणी मिळालं का, हे कळत नाही.

काम रखडतं का?
स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, तुळयांना ओलं गोणपाट गुंडाळा. खरा वेळ जातो तो गळका स्लॅब दुरुस्त करण्यात : मजुरी दोनदा, सिमेंटही दोनदा. म्हणून स्लॅबची तारीख ठरवण्याआधी १४ दिवसांच्या पाण्याची सोय करा.