गाय-वासरू गेलं, पंजा आला

निवडणूक तोंडावर आली आणि नेता लोकांच्या मनातून उतरला, की पक्षात एकच बोलणं सुरू होतं: चेहरा बदला. आम्ही मराठवाड्यातल्या माणसांनी हे 1977-78 मध्ये फार जवळून पाहिलं.

मार्च 1977 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या 48 पैकी काँग्रेसला 20 जागा मिळाल्या. आमच्या औरंगाबादेतून जनता पक्षाचे बापू काळदाते निवडून गेले. तिकडे रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या. मग थोड्याच दिवसांत मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांना पायउतार व्हावं लागलं आणि वसंतदादा पाटील आले. शंकरराव पैठणचे, शिस्तीपायी 'हेडमास्तर' म्हणून ओळखले जाणारे. जायकवाडी धरणामागे त्यांची जिद्द होती. आज आमचं शहर त्याच धरणाचं पाणी पितं. पण आणीबाणीत राज्याचे प्रमुख तेच होते. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, तेही त्यांच्याच काळात. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. त्या विधेयकाच्या बाजूने बसलेले बाकीचे मंत्री-आमदार मात्र जिथल्या तिथे राहिले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी विधानसभेची निवडणूक आली. जानेवारी 1978 च्या पहिल्याच आठवड्यात काँग्रेस दुभंगली आणि इंदिराबाईंना पक्षातून काढण्यात आलं. काढणाऱ्यांचे अध्यक्ष होते ब्रह्मानंद रेड्डी, म्हणजे आणीबाणीतले देशाचे गृहमंत्री. त्यांच्यासोबत होते यशवंतराव चव्हाण, आणीबाणीतले परराष्ट्रमंत्री. वसंतदादाही त्याच बाजूला. 'आमचा आता बाईंशी संबंध नाही,' असा एकूण सूर.

मी तेव्हा हर्सूलमध्ये प्रचाराच्या भिंती रंगवायचो. ते तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं. चुन्याचा हात मारायचा, वर गेरू आणि निळीने निशाणी काढायची. गाय-वासरू हात बसलेलं, डोळे मिटून काढता येई. ते जुन्या काँग्रेसकडे राहिलं आणि इंदिरा काँग्रेसला नवा पंजा मिळाला. एकाच घरात चुलते गाय-वासराचे, पुतण्या पंजाचा, अशी स्थिती. भिंत रंगवताना मागे उभ्या राहिलेल्या बायका विचारायच्या, 'बाईची निशाणी कोणती रे?' पक्ष कोणता हे फार कमी जण विचारायचे. ज्यांचा बाईंवर राग होता, ते तर सरळ जनता पक्षाचं नाव घेत. बाईंना सोडून आलेल्यांना मत का द्यायचं, याचं उत्तर प्रचाराला आलेल्यांकडे मी ऐकलं नाही.

निकालात तेच दिसलं. जनता पक्ष 99, काँग्रेस 69, इंदिरा काँग्रेस 62. शेजारच्या कर्नाटकात आणि आंध्रात तर बाईंच्या पक्षाने सत्ताच घेतली. महाराष्ट्रात बहुमत कुणालाच नव्हतं. तेव्हा ज्यांना दोन महिन्यांपूर्वी बाहेर काढलं, त्यांच्याच पक्षाला सोबत घेऊन वसंतदादा मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैमध्ये शरद पवारांनी ते सरकार पाडलं. पवारांच्या मंत्रिमंडळात शंकररावही होते, स्वतःचा वेगळा पक्ष घेऊन. 1980 च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला 186 जागा मिळाल्या. पवारांच्या अर्स काँग्रेसला 47. वसंतदादा परतले, शंकरराव परतले, यशवंतरावांनाही परतावं लागलं आणि त्यांना बाईंनी बराच काळ ताटकळत ठेवलं. इतक्या मोठ्या माणसाची ती अवस्था पाहून आमच्यासारख्या विरोधी मताच्या लोकांनाही वाईट वाटलं होतं.

माझ्या मते चूक बाईंना काढण्यात नव्हती. आणीबाणीत लोकांना तुरुंगात डांबलं, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, याचा जाब त्यांना विचारायलाच हवा होता. पण जाब विचारणाऱ्यांनी आधी आपला वाटा सांगायला हवा होता: मी त्या मंत्रिमंडळात होतो, मी गप्प बसलो, ते चुकलं. ते कुणी नीट सांगितलं नाही. सगळा दोष एका व्यक्तीच्या माथी मारला, की लोकांना पश्चात्ताप दिसत नाही, फक्त निवडणुकीची भीती दिसते.

पुढेही हे होत राहिलं. फेब्रुवारी 1999 मध्ये शिवसेनेने भूखंडाच्या आरोपांनी घेरलेल्या मुख्यमंत्री मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे आणले. सप्टेंबरातल्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युती 138 वरून 125 वर आली आणि सत्ता गेली. बाहेरच्या जगात कधी हा डाव साधतो. ब्रिटनमध्ये 1990 साली हुजूर पक्षाने मार्गारेट थॅचर यांना घालवून जॉन मेजर यांना आणलं आणि 1992 ची निवडणूक जिंकली. पण मेजर यांनी लोकांना नकोसा झालेला पोल टॅक्सही काढून टाकायला घेतला होता. नेत्यासोबत धोरणही बदललं होतं.

आमच्याकडे जानेवारी 2003 मध्ये मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले, सुशीलकुमार शिंदे आले. 2004 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी जिंकली. जिंकून देणाऱ्या शिंद्यांना मात्र राज्यपाल करून आंध्रात पाठवलं आणि विलासराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. शिंद्यांकडे पाहून ज्यांनी मत दिलं होतं, त्यांना कुणी काही विचारलं नाही.