रक्ताच्या थेंबात मेंदूच्या गाठीचा माग

घरातल्या कर्त्या माणसाच्या एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली की घर हादरते. त्यावर दुसरा धक्का बसतो तो 'बायोप्सी' या शब्दाचा. कवटीला छिद्र पाडून सुईने गाठीचा तुकडा काढायचा, हे ऐकूनच अम्मीच्या हातापायातले बळ जाते. मग कुणीतरी सांगते, "आता नुसत्या रक्तावरून कळते म्हणे!" बेसा-मानेवाडा भागात आम्हा शिक्षकांकडे लोक रिपोर्ट वाचून घ्यायला येतात, तेव्हा हा प्रश्नही येतो. म्हणून ही तपासणी काय आहे आणि काय नाही, ते नीट समजून घेऊ.

आधी बायोप्सी का लागते ते पाहू. एमआरआय गाठ कुठे आहे, केवढी आहे हे दाखवतो; तिची जात खात्रीने सांगत नाही. आपल्या देशात टीबीची गाठसुद्धा मेंदूत होते आणि चित्रात कधी कधी कॅन्सरसारखी दिसते. दोन्हींचा इलाज अगदी वेगळा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानुसार मेंदूच्या अनेक गाठींचे नाव ठरवताना आयडीएचसारख्या जनुकांतले बदलही पाहावे लागतात. त्यासाठी तुकडा हवा. पण गाठ खोल असेल, रुग्ण वृद्ध असेल, तर तुकडा काढण्यात रक्तस्रावाचा धोका असतो.

इथे 'लिक्विड बायोप्सी' उपयोगी पडू शकते. गाठीतून तुटलेला डीएनए आणि काही पेशी शरीरातल्या द्रवात मिसळतात. त्यांचा शोध घ्यायचा. अडचण अशी की मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये अल्लाहने एक संरक्षक पडदा ठेवला आहे. त्यामुळे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या मानाने मेंदूच्या गाठीचा डीएनए रक्तात फार थोडा सापडतो. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात तो जास्त मिळतो. पण डोक्यातला दाब वाढलेला असेल तर ते पाणी काढणेही धोक्याचे ठरते.

या कामात आपल्या महाराष्ट्राचे नाव आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेने 'त्रिनेत्र-ग्लिओ' ही रक्ततपासणी तयार केली. रक्तात आलेल्या गाठीच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि ग्लिअल म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची ओळख सांगणारी प्रथिने त्यांच्यावर आहेत का ते पाहायचे, अशी तिची रीत. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांसोबतचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र 'ब्रेकथ्रू' दर्जा म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. आशादायक तपासणीची छाननी लवकर व्हावी, एवढाच त्याचा अर्थ.

मग सगळ्यांनीच ही तपासणी करून घ्यावी का? शाळेतले साधे गणित करून पाहू. समजा, काही त्रास नसलेल्या 10,000 लोकांत एकाला गाठ आहे, आणि तपासणी निरोगी माणसांपैकी शंभरात एकाच्या बाबतीत चुकते. म्हणजे एका खऱ्या रुग्णासाठी सुमारे 100 निरोगी घरांची झोप उडणार. म्हणून ही वाट एमआरआयमध्ये गाठ दिसलेल्या, पण तुकडा काढणे कठीण असलेल्या रुग्णासाठी आहे. तिथेही निर्णय न्यूरोसर्जनचा. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल, तर रक्ततपासणीच्या आशेवर ती लांबवू नये.

खरा घात उशिराने होतो. सकाळी उठताच डोके ठणकणे आणि उलटी, मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर कमी होणे, स्वभाव एकाएकी बदलणे ही लक्षणे दिसली तर "असर झाला" म्हणत आमिलाकडे महिने घालवू नका. फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. रुग्णाला कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या.

आपल्या भागातून मिहानचे एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मेडिकल ही ठिकाणे आवाक्यात आहेत. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: या तपासणीच्या उत्तराने इलाज बदलणार आहे का? आणि उत्तर 'नाही' आले, तर पुढे काय करायचे? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल, तर ते पैसे इलाजासाठी राखून ठेवा.

दुआ करावीच, पण दवेला उशीर करू नये. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.