ट्विन ब्लॉक : वाढत्या वयातला उपचार

बुलढाण्यात, खामगावात किंवा मेहकरला पुढे आलेल्या दातांचं मूल दवाखान्यात आणलं की आई-वडील बहुधा एकच विचारतात, “दुधाचे दात सगळे पडू द्यायचे, मग तार लावायची ना?” वाकड्यातिकड्या दातांसाठी असं थांबणं बऱ्याचदा चालून जातं. पण यांतल्या कितीतरी मुलांचा खालचा जबडाच मागे राहिलेला असतो, म्हणून वरचे दात पुढे दिसतात. त्यांच्यासाठी जे साधन आहे, ते हाड वाढत असतानाच कामाचं. त्याचं नाव ट्विन ब्लॉक.

अ‍ॅक्रिलिकच्या दोन प्लेटा, एक वर, एक खाली. दातांना धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या आणि दोन्ही बाजूंना चावण्याच्या जागी ठोकळे. ठोकळ्यांना सुमारे ७० अंशांचा उतार दिलेला असतो. तोंड मिटलं की खालचा ठोकळा वरच्याच्या पुढे जाऊन टेकतो आणि जबड्याला मागे सरकायला जागा उरत नाही. बोलताना, गिळताना, भाकरी चावतानाही जबडा पुढेच राहतो, म्हणून ही प्लेट जेवतानासुद्धा काढायची नसते.

खरं कसब मेणात आहे. दातांची मापं घेऊन प्लास्टरचे साचे ओततात. मग मुलाला खालचा जबडा पुढे आणायला लावून मऊ मेणावर चावा घेतात. त्या क्षणी जबडा एका अंगाला कलला, तर लॅबमधल्या तंत्रज्ञाने कितीही सफाईने काम केलं तरी फुकट. खालचा जबडा पुढे आला की वरची कमान त्याला अरुंद पडते. त्यासाठी वरच्या प्लेटीत मधोमध स्क्रू असतो. घरीच किल्लीने पाव फेरा दिला की प्लेट पाव मिलिमीटर उघडते.

स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये हे साधन पहिल्यांदा वापरलं, तेही सहकारी दंतवैद्याच्या मुलासाठी. पडून त्याच्या पुढच्या दाताला मार बसला होता. त्याआधी, १९०८ मध्ये, डेन्मार्कच्या विगो आंद्रेसेन यांनी सुट्टीपुरती म्हणून स्वतःच्या मुलीला एक सैल प्लेट दिली. सुट्टी संपली तेव्हा तिचा चावा सुधारलेला होता. जबड्याच्या स्नायूंकडून काम करून घेण्याचा विचार त्यातून पुढे आला.

ट्विन ब्लॉकने जबडा हवा तेवढा वाढतो, असं मात्र कुणी सांगू नये. इंग्लंडमध्ये केविन ओब्रायन यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सुधारणेचा जेमतेम पाव हिस्सा हाडांचा निघाला, बाकीचा दात सरकल्याचा. तरीही पुढे आलेले दात वेळीच आत घेतल्याने पडण्या-आपटण्यात ते तुटण्याचा धोका कमी होतो, हे एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे. सायकलवर आणि कबड्डीच्या मैदानात वाढणाऱ्या मुलांसाठी मला हा फायदा फार मोठा वाटतो.

पेरणीला वापसा लागतो, तशी याला वाढीची वेळ लागते. मुलींची जोराची वाढ साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांची तेरा-चौदाव्या. पाळी सुरू झाल्यावर मुलीच्या वाढीचा वेग उतरणीला लागतो, हे आईला आधीच सांगायला हवं. खालचाच जबडा पुढे असलेला उलटा चावा असेल, तर त्याहून लवकर, आठ-नऊ वर्षांपर्यंत दाखवावं.

पहिला आठवडा कठीण जातो. लाळ गळते, शब्द बोबडे येतात, वर्गात पोरं हसतात. शिक्षकांनी तेव्हा त्या मुलाला सांभाळून घेतलं तर प्लेट तोंडात टिकते. नाहीतर ती दप्तरात जाते आणि उपचार तिथेच थांबतो. धुताना गरम पाणी नको, अ‍ॅक्रिलिक वाकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं शाळाशाळांत तपासणीला जातात आणि दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत. कीड पाहताना पाचवी-सहावीच्या मुलांचा चेहरा त्यांनी एकदा बाजूनेही पाहावा. ओठ मिटत नसतील, हनुवटी मागे असेल, तर तेवढं कार्डावर लिहून पालकांना बोलवावं. संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यातल्या मुलाला वेळेत तज्ज्ञापर्यंत पोचवायला याहून जवळचा रस्ता मला दिसत नाही.