गुलाबी खुणांची तोरा
(आजची कला, धर्म आणि स्त्री : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण शिरीन नेशात यांची छायाचित्रं पाहिली. त्यांत बायकांच्या चेहऱ्यांवर, हातांवर फारसी अक्षरं होती. हेलेन आयलॉन यांनी मात्र थेट धर्मग्रंथच हाती घेतला.

आयलॉन १९३१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, सनातनी ज्यू घरात जन्मल्या. अठराव्या वर्षी एका रब्बीशी लग्न झालं, तिशीत वैधव्य आलं. पाळीनंतरचे ‘शुद्ध’ दिवस मोजणं, मग स्नान, तोवर नवऱ्यानं शिवायचं नाही, हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं.

१९९० ते १९९६ या काळात त्यांनी ‘द लिबरेशन ऑफ गॉड’ ही कलाकृती घडवली. तोरा म्हणजे ज्यू धर्माचे पाच मूळ ग्रंथ. त्यांच्या पानापानावर त्यांनी पातळ, आरपार दिसणारं चर्मपत्र ठेवलं. जिथं क्रौर्य, सूड किंवा स्त्रीद्वेष देवाच्या तोंडी घातल्यासारखा वाटला, तिथं गुलाबी मार्कर फिरवला. शाई वरच्या चर्मपत्रावर. खालचं अक्षर जसंच्या तसं! एवढा राग मनात असताना ग्रंथाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, ही त्यांची निष्ठा मला फार मोठी वाटते. त्यांचं भांडण देवाशी नव्हतंच. पुरुषांनी आपली वाक्यं देवाच्या नावावर खपवली आहेत, त्यांतून देवाला सोडवायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्या ग्रंथांत काय काय आहे? ‘लेवीय’चा बारावा अध्याय काढा. मुलगा झाला तर बाळंतीण सात दिवस अशुद्ध, पुढे शुद्धीचे तेहतीस. मुलगी झाली की दोन्ही मुदती दुप्पट : चौदा आणि सहासष्ट. ‘गणना’च्या पाचव्या अध्यायात नवऱ्याला नुसता संशय आला, तरी बायकोला याजकापुढे उभं करून मंडपातल्या जमिनीची धूळ घातलेलं कडू पाणी पाजायचं. नवऱ्याला अशी कसोटी नाही. सीतेची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वाचताना परकं वाटत नाही.

बाईचा उल्लेख हवा होता पण नाही, अशा जागीही, दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर, आयलॉन यांनी गुलाबी खूण केली. नोहाची बायको आठवा : जलप्रलयातून ती तरली, पण तोरात तिला नाव नाही.

१९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियमनं हे काम मांडलं. दोन वर्षांनी आयलॉन यांनी कोऱ्या वह्यांची एक कलाकृती केली आणि ती राशी व मायमोनिडीस या थोर भाष्यकारांच्या बायकांना अर्पण केली. त्यांनाही काही म्हणायचं असेलच ना! नवऱ्यांची भाष्यं शतकानुशतकं घोकली गेली. या दोघींचं एक वाक्यही कोणी जपलं नाही.

२०२० मध्ये कोविडनं आयलॉन गेल्या.

पुढच्या आठवड्यात सिओना बेंजामिन : मुंबईच्या बेने इस्रायली घरातल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. बायबलमधल्या बायका त्यांनी निळ्या रंगात रंगवल्या आहेत.