खाडीतील जिताडा आणि घाटमाथ्यावरचे पाणी

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील नद्यांच्या मचूळ पाण्यात 'व्हाइट पर्च' नावाचा एक लहान मासा आढळतो. हिवाळ्यात तो खोल पाण्यात थव्याने राहतो आणि वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी नदीने वर, गोड्या पाण्याकडे जातो. आपल्याकडे मचूळ पाण्यावर असाच अवलंबून असणारा मासा म्हणजे रायगड जिल्ह्यातील खाड्यांत मिळणारा जिताडा होय. त्याचा क्रम मात्र उलटा आहे. जिताडा पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाजवळ, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिले भरतीबरोबर आत शिरून मचूळ व गोड्या पाण्यात वाढतात. खारबंदिस्तीच्या उघाडीतून ती शेतांत व तळ्यांतही पोहोचतात. खारेपाटातील शेतकरी अशा तळ्यांत जिताडा पोसतात.

पावसाळा सरला की नद्यांचा ओघ आटतो व खारे पाणी खाडीत वरवर सरकू लागते. ते जड असल्यामुळे तळाशी राहते. त्यावर गोडे पाणी तरंगते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी असल्याने पाणी गार झाले की त्याची हालचाल व भूक मंदावते. कोकणातील थंडी सौम्य असल्यामुळे मासेमारी थांबत नाही. परंतु गळ टाकणाऱ्यास सबुरी ठेवावी लागते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, भांगाच्या दिवसांत ती कमी होते. पाग केव्हा फेकावा व डोल कोठे लावावी, याचा निर्णय कोळी त्यावरूनच करतात.

आता प्रश्न असा की, हिवाळ्यात खाडीला गोडे पाणी येते कोठून? याचे एक उत्तर घाटमाथ्यावर आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातून वाहणाऱ्या इंद्रायणीच्या उगमाकडील पाणी लोणावळा व वळवण येथे अडवून १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाते. तेथून ते पाताळगंगेत व पुढे धरमतरच्या खाडीत जाते. आंद्रा नदीचे पाणी १९२२ पासून भिवपुरीमार्गे उल्हास नदीला आणि मुळेचे पाणी १९२७ पासून भिरामार्गे कुंडलिकेला मिळते. म्हणजे जे पाणी निसर्गतः भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे गेले असते, ते वीजनिर्मिती करून अरबी समुद्राकडे वळते. पाऊस नसतानाही या नद्या वाहत्या राहतात, त्या यामुळे.

हे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे. वाढती वस्ती, कारखाने व कोरडी पडणारी शेती पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु शतकाहून अधिक काळ चालत आलेल्या या ओघाभोवती खाली गावांची नळयोजना, कारखाने व खाडीचे जीवन उभे राहिले आहे. ओघ घटल्यास खारे पाणी हिवाळ्यातच अधिक वर चढेल आणि जिताड्याच्या पिलांना लागणारे मचूळ पाण्याचे क्षेत्र जागा बदलेल किंवा आकुंचन पावेल. शिवाय जिताडा प्रथम नर असतो व मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणून वाढीच्या जागा आक्रसल्या तर पुढील पिढीच्या माद्यांनाच धोका पोहोचतो.

यास्तव पाण्याचा हिशेब मांडताना वीज, नळ व शेत यांबरोबर खाडी हेही चौथे खाते धरले पाहिजे. हिवाळ्यातील खारेपणाची मोजणी निर्णयापूर्वी व्हावी. नंतर केलेली मोजणी केवळ झालेल्या हानीची नोंद ठरेल.