हिवाळ्यातील धावण्याचा सराव : ऊब आणि सुरक्षितता

पोलीस भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीतील युवक-युवती हिवाळ्यातही पहाटे रस्त्यावर सराव करतात. थंडीने स्नायू आखडतात. म्हणून प्रथम दहा मिनिटे जलद चालून शरीर तापवावे. घामाने भिजलेला सुती कपडा शरीराची उष्णता हिरावून घेतो. सराव संपताच तो बदलावा. तथापि थंडीपेक्षा अंधार अधिक घातक होय. वनालगत पहाटे वाघ-बिबट्यांचा वावर असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली येथे पहाटे व्यायामास गेलेली चार मुले ट्रकच्या धडकेत दगावली. हिवाळ्यातील धुक्यात हा धोका वाढतो. यास्तव महाविद्यालयांनी सूर्योदयानंतर आपली मैदाने या सरावासाठी खुली करणे इष्ट ठरेल.